पहिल्या घासातली साखर

साखरेवर सरकारने बंधन घालावे की नाही, हा वाद प्रौढांच्या बाबतीत नेहमी एकाच ठिकाणी येऊन अडतो. खाणाऱ्याला आपले बरेवाईट कळते, पैसे त्याचे आणि जीभही त्याची, मग राज्यसंस्थेने मध्ये का पडावे, असे विचारले जाते. सहा महिन्यांच्या बाळाच्या बाबतीत हा प्रश्न मुळातच उरत नाही, कारण त्याच्या तोंडात जाणारा प्रत्येक घास दुसऱ्या कोणी तरी ठरवलेला असतो. तो आई, आजी, अंगणवाडी सेविका, डबा बनवणारा कारखाना किंवा पाकिटाची पाककृती मंजूर करणारे कार्यालय यांपैकी कोणाच्या तरी हातून आलेला असतो, आणि तो गोड असावा की नसावा हे बाळाला विचारून ठरत नाही. साखर हे व्यसन आहे की नाही यावर शास्त्रज्ञांचे एकमत होईपर्यंत बालाहाराचे नियम थांबवून ठेवणे म्हणूनच समर्थनीय ठरत नाही.

या विषयाला भारतात वाचा फुटली ती एप्रिल २०२४ मध्ये. स्वित्झर्लंडमधील ‘पब्लिक आय’ ही संस्था आणि बालाहाराच्या विक्रीपद्धतींवर लक्ष ठेवणारे ‘इब्फान’ हे आंतरराष्ट्रीय जाळे यांनी निरनिराळ्या देशांत विकल्या जाणाऱ्या नेस्ले कंपनीच्या बालाहाराची तुलना प्रसिद्ध केली. भारतातील सेरेलॅकच्या एका वाढपात सरासरी २.७ ग्रॅम वरून घातलेली साखर आढळली, तर जर्मनी आणि ब्रिटनमधील तशाच प्रकारच्या उत्पादनांत ती नव्हती. आपली उत्पादने त्या त्या देशाच्या कायद्यानुसारच आहेत आणि मागील पाच वर्षांत भारतातील उत्पादनांतली साखर ३० टक्क्यांपर्यंत कमी केली आहे, असे कंपनीने सांगितले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शुद्ध साखर न घातलेले प्रकार बाजारात आणत असल्याचेही जाहीर केले. २.७ ग्रॅम म्हणजे अर्ध्या चमच्याच्या आसपास साखर. एवढ्याने काय होते, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या तुलनेत प्रमाणाहून महत्त्वाची गोष्ट अशी होती की साखरेविना असा आहार बनवता येतो आणि बाळे तो खातात, हे त्याच कंपनीने दुसऱ्या देशांत सिद्ध करून ठेवले होते.

डबा कसा वाचावा

तालुक्याच्या गावातील औषधांच्या दुकानात बालाहाराचे डबे बहुधा काउंटरमागच्या फळीवर असतात, आणि त्यांच्याकडे बारकाईने पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते: शेजारच्या बिस्किटांच्या किंवा मुलांच्या पेयाच्या वेष्टनावर हसरी मुले असतात, पण या डब्यांवर बाळाचे किंवा आईचे चित्र नसते. हा १९९२ च्या कायद्याचा परिणाम आहे. शिशुदुग्धपर्याय, दूधबाटल्या आणि शिशुआहार यांच्या उत्पादन, पुरवठा व वितरणाचे नियमन करणाऱ्या या कायद्याने, आणि २००३ मधील त्याच्या दुरुस्तीने, दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या अशा आहाराची जाहिरात, मोफत नमुने, भेटवस्तू आणि वेष्टनावरील मोहक चित्रे यांना मनाई केली. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा उत्पादनांच्या विक्रीविषयी केलेल्या संहितेपुढे अनेक देश गेलेच नाहीत, तर भारताने तिला कठोर कायद्याचे रूप दिले, ही अभिमानाने सांगण्यासारखी गोष्ट आहे. मात्र हा कायदा डबा कसा विकला जातो यावर बोट ठेवतो, आणि डब्यात काय आहे हा भाग दुसऱ्या नियमांवर सोडतो.

डब्यातील घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, म्हणजे जो पदार्थ सर्वाधिक तो आधी आणि जो नाममात्र तो शेवटी. साखर या यादीत दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर असेल तर तिचा वाटा मोठा आहे हे कोणालाही कळते, परंतु तोच गोडवा साखर, खजुराचा पाक आणि फळांचा आटवलेला रस अशा तीन नावांत विभागला तर प्रत्येक नाव खाली सरकते. पोषणमूल्यांच्या तक्त्यात ‘एकूण शर्करा’ आणि ‘वरून घातलेली शर्करा’ अशा दोन ओळी असतात. त्यांतील पहिलीत दुधातील नैसर्गिक लॅक्टोजही येत असल्याने दुसरी ओळ पाहिल्याशिवाय काहीच कळत नाही, आणि ही ओळ छापण्याची सक्ती भारतातील लेबलांच्या २०२० च्या नियमांनी केली हे चांगलेच झाले.

पण दुसऱ्या ओळीतही न सापडणारा गोडवा असतो. धान्यातील पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या लांबच लांब साखळ्या असतात, आणि अमायलेज नावाच्या विकराने, म्हणजे पचनक्रियेतल्यासारख्या प्रथिनाने, त्या तोडल्या की लहान साखळ्या, माल्टोज आणि ग्लुकोज तयार होतात. कारखान्यात गहू किंवा तांदळाच्या पिठावर अशी प्रक्रिया केली की पीठ सहज विरघळते आणि आपोआप गोडही होते, पण वरून काहीच घातलेले नसल्याने ‘वरून घातलेली शर्करा’ या ओळीत ते मोजले जाईलच असे नाही. माल्टोडेक्स्ट्रिन हा याच प्रक्रियेतून मिळणारा, जवळजवळ बेचव, पण रक्तातील ग्लुकोज झपाट्याने वाढवणारा पदार्थ होय.

हीच रसायनक्रिया महाराष्ट्रातील घरांना कित्येक पिढ्या ठाऊक आहे, हे येथे नोंदवले पाहिजे. नाचणीचे सत्त्व करताना नाचणी भिजवतात, फडक्यात बांधून मोड आणतात, सावलीत वाळवून दळतात आणि वस्त्रगाळ करतात. मोड येताना दाण्यात अमायलेज तयार होते आणि म्हणून या पिठाची पेज पातळ राहते व किंचित गोड लागते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोड आलेल्या धान्याच्या चिमूटभर पिठाने घट्ट लापशी पातळ होते आणि त्यामुळे लहान पोटात अधिक धान्य मावते, हे अभ्यासाने मांडले. आईला मोड आणण्यात गोडी नको असते, पेज बाळाच्या घशाखाली उतरावी एवढेच हवे असते. नियम करणाऱ्यांनी प्रक्रियेवर सरसकट बोट ठेवले तर नाचणीचे सत्त्वही त्यात सापडेल, आणि प्रक्रियेकडे दुर्लक्ष केले तर कारखान्याला पळवाट मिळेल. तयार पदार्थात किती मुक्त शर्करा उरली हे मोजणे हा यातून निघणारा सरळ मार्ग आहे.

व्यसन हा शब्द कितपत पेलतो

साखरेला व्यसन म्हणण्याचा आधार मुख्यतः उंदरांवरील प्रयोगांत आहे. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात बार्टली होबेल आणि निकोल अॅव्हेना यांनी उंदरांना रोज बारा तास उपाशी ठेवून नंतर बारा तास अन्न आणि साखरेचे पाणी दिले, तेव्हा ते हळूहळू अधाशासारखे साखरपाणी पिऊ लागले. त्यांच्या मेंदूत डोपामिन हे सुखाशी आणि अपेक्षेशी जोडलेले रसायन दर वेळी नव्याने उसळत राहिले, आणि अफूसदृश द्रव्यांची क्रिया रोखणारे औषध दिल्यावर दात वाजणे व बेचैनी अशी, व्यसनी प्राण्यात दिसतात तशी, लक्षणे उमटली. फ्रान्समधील बोर्दो येथे २००७ मध्ये झालेल्या दुसऱ्या प्रयोगात कोकेन आणि सॅकरिनचे गोड पाणी यांपैकी एक निवडण्याची मुभा दिल्यावर बहुतेक सर्व उंदरांनी गोड पाण्याकडे धाव घेतली. वर्तमानपत्रांत ‘साखर कोकेनहून घातक’ असे मथळे झळकले ते या प्रयोगानंतर, परंतु त्यात मुख्यतः साखर नव्हती, सॅकरिनचा गोडवा होता, आणि प्रयोगाने घातकपणा मोजला नव्हता, पसंती मोजली होती.

केंब्रिजमधील मार्गारेट वेस्टवॉटर, पॉल फ्लेचर आणि हिशाम झियाउद्दीन यांनी २०१६ मध्ये या साऱ्या पुराव्याची छाननी करून असे दाखवले की व्यसनासारखे वागणे मुख्यतः उपास आणि आलटून-पालटून मिळणारी साखर या वेळापत्रकातच दिसते, आणि साखर सतत उपलब्ध असेल तर उंदरांचे ते वागणे दिसत नाही. म्हणजे उंदराला वेडे करणारी गोष्ट साखरेइतकीच टंचाईही असू शकते. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानग्रंथात अधाशीपणे खाण्याच्या विकाराला स्थान आहे, पण अन्नाच्या किंवा साखरेच्या व्यसनाला नाही. गोड पदार्थ पाहून हात आवरत नाही असे सांगणाऱ्या माणसाचा अनुभव खोटा नाही, मात्र दारू किंवा तंबाखूच्या व्यसनाशी तो एकाच रांगेत बसवण्याइतका पुरावा आज हाती नाही, असेच प्रामाणिकपणे म्हणावे लागते.

बाळाच्या बाबतीत तर हा शब्द अधिकच तोकडा पडतो, कारण व्यसनाच्या व्याख्येत सोडण्याचा प्रयत्न, अपयश, परिणाम ठाऊक असूनही सेवन, अशा ज्या गोष्टी येतात त्यांपैकी एकही नऊ महिन्यांच्या बाळाला लागू होत नाही. बाळाला साखर सुटत नाही ही भीती खरी नाही. त्याच्यासमोर अन्न म्हणजे काय याची पहिली व्याख्या लिहिली जात असते, आणि ती व्याख्या गोड शाईने लिहिली जाते, ही चिंता मात्र खरी आहे.

जिभेची शाळा

गोडाची ओढ शिकवावी लागत नाही. जेरुसलेममधील जेकब स्टायनर यांनी १९७० च्या दशकात, अजून एकदाही दूध न प्यालेल्या नवजात बाळांच्या जिभेवर गोड थेंब ठेवले तेव्हा त्यांचे चेहरे सैलावले आणि ओठ चोखू लागले, तर कडू थेंबाला त्यांनी तोंड वाकडे केले. आईच्या दुधात शंभर मिलिलिटरमागे सुमारे सात ग्रॅम लॅक्टोज असते, पण लॅक्टोज साखरेहून कितीतरी फिके असल्याने ते दूध मंद गोड लागते. नवजात शिशू विभागात टाचेतून रक्त घेण्याआधी बाळाच्या जिभेवर साखरेच्या तीव्र द्रावणाचे थेंब देतात आणि त्याचे रडणे कमी होते. एलियट ब्लास यांनी उंदरांच्या पिलांवर केलेल्या प्रयोगांत हा शांतवणारा परिणाम शरीरातील अफूसदृश द्रव्यांची वाट अडवल्यावर नाहीसा होत असल्याचे दिसले. गोडी ही बाळासाठी चवीबरोबर दिलासाही असते. ग्राइप वॉटरची कीर्तीही याच गुणावर उभी असावी, असे मानायला जागा आहे. नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड यांनी १८५१ मध्ये बाजारात आणलेल्या या द्रावणात शेपूचे तेल आणि सोड्याबरोबर साखर आणि अल्कोहोलही होते.

निसर्गाने दिलेली ओढ आणि घराने लावलेली सवय यांतला फरक फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रात गॅरी बोशां आणि मार्जोरी मोरन यांनी १९८० च्या दशकात शोधला. ज्या माता बाळांना साखर घातलेले पाणी देत असत त्यांची बाळे सहाव्या महिन्यात साध्या पाण्यापेक्षा गोड पाणी अधिक ओढीने पीत, आणि दोन वर्षांची झाल्यावरही ती ओढ टिकून राहिली. त्यातही ध्यानात ठेवण्यासारखा बारकावा असा की ही वाढलेली पसंती पाण्यापुरती होती, फळांच्या चवीच्या पेयात ती तशी दिसली नाही. याचा अर्थ असा की बाळ किती गोड हवे हे शिकते त्याहून अधिक कोणता पदार्थ गोड असायला हवा हे शिकते. पाणी गोड दिले तर पाणी गोडच लागावे असे त्याला वाटू लागते, आणि भरड धान्याची पेज रोज साखरेची दिली तर पुढे भाकरी आणि वरण त्याला परके वाटू शकतात.

उलट शिक्षणही असेच होते. नको म्हणून तोंड फिरवलेली भाजी आठ-दहा वेळा, जबरदस्ती न करता, पुन्हा पुन्हा समोर ठेवली तर बहुतेक बाळे ती स्वीकारतात, हे अनेक देशांतील अभ्यासांत दिसले आहे. आई पहिल्या तीन-चार वेळांनंतर हार मानते आणि भाजीत साखर किंवा गूळ घालते, कारण समोर ठेवलेले खाल्ले गेले नाही की तिच्यावर घरातून बोल येतो. शिकण्याचा काळ संपायच्या आतच शिकवणी बंद होते.

गर्भधारणेपासूनच्या पहिल्या हजार दिवसांच्या साखरेचा परिणाम आयुष्याच्या उत्तरार्धापर्यंत पोहोचतो का, याचा एक विलक्षण पुरावा २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धातील साखरेचे रेशनिंग सप्टेंबर १९५३ मध्ये उठले आणि लोकांचे साखरेचे सेवन थोड्याच काळात जवळजवळ दुप्पट झाले. तादेया ग्राच्नर, क्लेअर बून आणि पॉल गर्टलर यांनी त्या तारखेच्या आगेमागे जन्मलेल्या साठ हजारांहून अधिक माणसांची तुलना केली, तेव्हा गर्भावस्थेत आणि पहिल्या दोन वर्षांत रेशनिंग अनुभवलेल्यांत मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्के आणि उच्च रक्तदाबाचा सुमारे २० टक्के कमी आढळला. प्रौढपणी मधुमेह झपाट्याने वाढत असलेल्या आपल्या देशात हा अभ्यास प्रत्येक बालरोगतज्ज्ञाच्या टेबलावर असायला हवा.

नियमाचे अंकगणित

भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० मधील शिशुपोषण नियमांत असे म्हटले आहे की शिशुआहारात लॅक्टोज आणि ग्लुकोजच्या साखळ्यांना प्राधान्य द्यावे, आणि साखर किंवा फ्रुक्टोज, कर्बोदकांचा स्रोत म्हणून गरज असल्याखेरीज, घालू नये. घातलेच तर दोन्ही मिळून एकूण कर्बोदकांच्या २० टक्क्यांहून अधिक नसावे. वाचताना हे बंधन वाटते, पण शंभर ग्रॅम पावडरीत सत्तर ग्रॅम कर्बोदके असतील तर चौदा ग्रॅम साखर, म्हणजे जवळपास तीन चमचे, या नियमात बसते, आणि ‘गरज’ कोणी ठरवायची हे नियमात कोठेच स्पष्ट नाही.

आंतरराष्ट्रीय पातळीवरही स्थिती फार वेगळी नाही. देशांच्या व्यापारात आधार मानल्या जाणाऱ्या कोडेक्स मानकात दुधात कालवायच्या धान्याहाराला शंभर कॅलरीमागे ७.५ ग्रॅमपर्यंत वरून घातलेली शर्करा चालते. एका ग्रॅम साखरेत चार कॅलरी असतात, म्हणून हे ३० कॅलरी, अर्थात एकूण ऊर्जेचा जवळपास तिसरा हिस्सा झाला. २००६ मध्ये थायलंडने ही मर्यादा १० टक्क्यांवर आणण्याचा प्रस्ताव मांडला होता, पण अमेरिका आणि युरोपीय संघाच्या विरोधामुळे तो पुढे गेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०२२ मध्ये मात्र छत्तीस महिन्यांपर्यंतच्या बाळांच्या व्यापारी आहारात वरून साखर मुळीच नसावी अशी भूमिका घेतली, आणि अमेरिकेच्या २०२० च्या आहारमार्गदर्शिकेनेही दोन वर्षांपर्यंत वरून घातलेली साखर टाळण्यास सांगितले. भारताने कोडेक्सची वाट पाहण्याचे कारण नाही. डब्याच्या जाहिरातीच्या बाबतीत भारत १९९२ मध्ये जगाच्या पुढे गेला होता, तो डब्यातील साखरेच्या बाबतीत मागे राहावा हे पटण्यासारखे नाही.

बालाहारातील साखरेवर बंदी आणली तर तिला अपवाद मात्र हवेत, आणि ते औषधाच्या न्यायाने हवेत. जुलाबात देण्याच्या जलसंजीवनीत ग्लुकोज असते ते गोडीसाठी नसते. आतड्याच्या भिंतीतून सोडियम आणि ग्लुकोज जोडीने शोषले जातात आणि त्यांच्यामागे पाणी येते, म्हणून ते असते. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी याच मिश्रणाने हजारो जीव वाचवले. तीव्र कुपोषित बालकांना देण्याच्या एफ-७५ या उपचारदुधातही साखर असते. पण जलसंजीवनीच्या नावाच्या आडोशाने जास्त साखरेची पेये ‘ओआरएस’ म्हणून विकली जात होती, आणि हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी अनेक वर्षे दिलेल्या लढ्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये प्राधिकरणाने त्या नावाचा वापर बंद केला. अपवादाची दारे किती काटेकोर असावी लागतात, याचे हे ताजे उदाहरण आहे.

घरचे गोड आणि सरकारी पाकीट

सारा दोष कारखान्याच्या डब्यावर टाकणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. जन्मलेल्या बाळाच्या जिभेवर मध ठेवण्याची चाल अजून अनेक घरांत आहे, जरी मधातील बॉटुलिनमच्या बीजाणूंमुळे वर्षाच्या आतील बाळाला तो धोकादायक ठरू शकतो. बाळगुटीत वेखंड आणि मुरडशेंगेबरोबर खारीक उगाळली जाते, आणि उष्टावणाचा पहिला घास खिरीचा असतो. यांतला उष्टावणाचा एक दिवस कोणाच्याही आरोग्याला बाधत नाही. बाधते ते त्या दिवसानंतरचे रोजचे गोड, आणि तेथे घर, कारखाना व सरकार तिघेही सारखेच गुंतलेले आहेत.

सरकारच्या गुंतण्याकडे सर्वांत कमी लक्ष गेले आहे. एकात्मिक बालविकास सेवा योजनेत सहा महिने ते तीन वर्षांच्या बालकांना घरपोच आहार, गावातल्या बोलीत टीएचआरची पाकिटे, दिली जातात, आणि ६ ते ७२ महिन्यांच्या बालकाला दररोज ५०० कॅलरी व १२ ते १५ ग्रॅम प्रथिने हा अनेक वर्षे योजनेचा निकष राहिला. कॅलरींचा आकडा ठरलेला आणि दर माणशी रुपये तुटपुंजे असले की पाककृती बनवणाऱ्याचा हात साखरेकडे वळतो, कारण तिच्यामुळे ऊर्जा स्वस्तात भरते, पीठ टिकते आणि मूल ते खाते. केरळात कुटुंबश्रीच्या महिला गटांनी बनवलेल्या आणि इतर अनेक बाबतींत अनुकरणीय असलेल्या अमृतम न्यूट्रिमिक्सच्या पाककृतीत गहू, हरभरा, सोयाबीन, शेंगदाणे यांच्या जोडीला शंभर ग्रॅममागे वीस ग्रॅम साखर होती. महाराष्ट्रात ही परंपरा अधिक जुनी आहे. १९७२ च्या दुष्काळात कामांवर वाटलेली गोड सुकडी आज साठीपलीकडच्या माणसांना आठवते, आणि शिरा व सुकडी ही नावे पुढे अंगणवाडीच्या पाकिटांवरही आली. भुकेल्या मुलापुढे तेव्हा कॅलरी हाच प्रश्न होता, आणि ते त्या काळी योग्यच होते. पण सहा ते तेवीस महिन्यांच्या बालकांपैकी पुरेसा आहार मिळणारी बालके देशात सुमारे ११ टक्केच आहेत, असे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने दाखवले, आणि बाळांच्या ताटात जे कमी आहे ते मुख्यतः वैविध्य आहे: डाळ, अंडे, हिरवी भाजी, फळ, तेल. साखर यांपैकी कशाचीही जागा भरत नाही.

साखर काढली तर पाकिटे जनावरांना जातील, ही खात्यातील लोकांची भीती निराधार नाही, कारण चव न आवडलेली पाकिटे गोठ्यात गेल्याच्या तक्रारी राज्याने पाहिल्या आहेत. त्याला उत्तर म्हणून शेंगदाणे, तीळ आणि तेलाने कॅलरी भरता येतात, मोड आलेल्या धान्याचे पीठ मिसळता येते, साखर टप्प्याटप्प्याने उतरवता येते. परंतु आठ-दहा वेळा तोच घास समोर ठेवण्याचा जो काळ वर सांगितला, तो कोणाकडे आहे हेही पाहिले पाहिजे. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि नवरा-बायकोची जोडी एक ‘कोयता’ म्हणून मोजली जाते. पहाटे फडात उतरलेली आई दुपारपर्यंत परत येत नाही आणि तान्हे मूल कोपीत मोठ्या बहिणीच्या कडेवर असते. स्थलांतराची नोंद सरकारच्या पोषण ट्रॅकर या ॲपवर करण्याची सोय आता आहे, पण फडाजवळ अंगणवाडी असेलच असे नाही. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळायला काही दिवस आणि एक चूल लागते, आणि सात-आठ वर्षांच्या त्या बहिणीच्या हाताशी पुष्कळदा कपभर गोड चहा आणि पाच रुपयांचा बिस्किटपुडा असतो.